निशाणी नांगर, निशाणी बांगडी

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला एक प्रश्न जन्मभर पुरतो : "तुम्ही मूळचे कुठले?" पुण्यामुंबईकडील पाहुणा हे विचारतो तेव्हा त्याला जिल्हा आणि तालुका हवा असतो. शेजारचा निमाडी किंवा बारेला शेतकरी विचारतो तेव्हा त्याला बहुधा एवढेच जाणून घ्यावयाचे असते की, ही मंडळी इथली की अजून पाहुणीच. आमच्या घराण्याच्या पाच पिढ्या धूलकोटात झाल्या, सहावी इंदूर-भोपाळकडे पांगली, तरी या प्रश्नाला आमच्याकडे धड उत्तर नव्हते. "खानदेशातून आलो" एवढे म्हणून आम्ही वेळ मारून नेत असू.

बऱ्हाणपूर म्हटले की वाचकांना असीरगड आठवेल, १६३१ साली तिथे मरण पावलेली मुमताज आठवेल, अलीकडची केळीची वखारही आठवेल. धूलकोट त्या बऱ्हाणपुराच्याच जिल्ह्यात, पण सातपुड्याच्या डोंगरांत. तिथे मुमताजही नाही आणि फारशी केळीही नाहीत. ज्वारी, कापूस, तूर, मका, उतरणीची हलकी जमीन आणि भोवताली बारेला लोकांचे फाळे. नावाचा अर्थ उघड आहे : धुळीचा, म्हणजे मातीचा कोट. ज्या काळात गावाला तट लागत असे आणि दगडी तट परवडत नसे त्या काळाची ती खूण. या कोटाच्या नावावरूनच आमच्या घरातली दंतकथा वाढली असावी असे मला आता वाटते.

दंतकथा अशी. आमचा मूळ पुरुष खानदेशातील पाटील. पेंढाऱ्यांनी गाव जाळले तेव्हा तो घोड्यावर बसून, भाला हाती घेऊन, कुलदैवताचे टाक कमरेला बांधून रातोरात तापी ओलांडून निमाडात उतरला आणि त्याने धूलकोटात पांढरी वसविली. लहानपणी ही कथा ऐकताना छाती फुगत असे. पुढे शाळामास्तर झालो, इतिहास शिकवू लागलो आणि बोटे मोजू लागलो. चितू पेंढारी रानात वाघाच्या तोंडी गेला तो १८१९ साली. त्याच साली असीरगड इंग्रजांनी घेतला. आमचे पणजोबा वारले ते १९५० मध्ये, चौऱ्याऐंशी वर्षांचे होऊन, म्हणजे त्यांचा जन्म १८६६ च्या आसपासचा. आणि "मी लहान असताना इकडे आलो" असे ते स्वतः सांगत, हे ऐकणारी माणसे अजून घरात होती. मग घोडेस्वार कुठे बसवावयाचा? पेंढारी संपून पन्नास वर्षे लोटल्यावर त्यांच्या भीतीने कोणी गाव सोडत नाही.

ही शंका मी बरीच वर्षे मनातच ठेवली. २०१६ साली थोरल्या चुलतबंधूंनी घराण्याची वंशावळ छापावयाचे ठरविले आणि मास्तर म्हणून काम माझ्या गळ्यात पडले. त्यांच्या मनात आराखडा तयार होता : वर घोडेस्वार, खाली त्याचे पुत्र, त्यांचे पुत्र. मला फक्त रिकाम्या चौकटी भरावयाच्या होत्या.

घरात त्या वेळी सर्वांत वडील आमच्या आत्याबाई होत्या. वय एक्याऐंशी, मोतीबिंदूने एक डोळा गेलेला, स्मरणशक्ती मात्र शाबूत. पंधराव्या वर्षी लग्न, एकोणिसाव्या वर्षी वैधव्य, आणि तेव्हापासून धूलकोटच्या घरात. त्यांना मी घोडेस्वाराविषयी विचारले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "घोडं कुणी पाहिलं रे? एक बैल होता, तोही वाटेत बसला."

मग त्यांनी जे सांगितले ते मी तोवर कधीच ऐकले नव्हते. आला तो पुरुष नव्हताच. आली ती पणजोबांची आई, म्हणजे माझी खापरपणजी. नवरा वारलेला, दोन मुलगे बरोबर, धाकटा कडेवर. टाक तिच्या ओटीत होते आणि ज्वारीचे बियाणे डोक्यावरच्या गाठोड्यात. हे सारे आत्याबाईंना त्यांच्या आजीकडून, म्हणजे त्या खापरपणजीच्या सुनेकडून कळलेले. पुरुषांना कसे कळले नाही, या माझ्या प्रश्नावर त्यांनी उत्तर दिले : "तुम्ही ओट्यावर बसता. हे जात्यापाशी चालायचं."

सासरचे गाव मात्र आत्याबाईंनाही ठाऊक नव्हते. विधवा होऊन निघालेल्या बाईने त्या गावाचे नाव पुन्हा घेतले नसावे. त्यांना ठाऊक होते ते तिचे माहेर, कारण दळताना म्हणावयाच्या ओव्यांत माहेरचे गाव आणि भावाचे नाव येत असे. सासूची ओवी सुनेने उचलली, सुनेची नातीने. त्या गावाचे नाव मी वहीत लिहून घेतले तेव्हा, खरे सांगावयाचे तर, त्याचा उपयोग काय होईल हे मला दिसत नव्हते. वंशावळ सासरकडून चालते, माहेरकडून नव्हे.

इथे थोडे विषयांतर करतो. माझा एक पुतण्या अमेरिकेत आयोवा राज्यात असतो. त्याच्या शेजारी एक वृद्ध बाई, शेतकऱ्याची लेक, मूळ आयर्लंडची. पणजोबा बटाट्याच्या दुष्काळात, १८४५ नंतरच्या त्या भयंकर सात वर्षांत, जहाजाने आलेले. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. ही बाई तीस वर्षे मूळ शोधत होती आणि तिची अडचण ऐकून मला आमचीच आठवली. घराण्याचे नाव मर्फी. आयर्लंडात मर्फी म्हणजे आपल्याकडे रावेर-यावल भागात पाटील, महाजन किंवा चौधरी म्हणण्यासारखे. तिथे गावाहूनही लहान असा जमिनीचा घटक असतो, तसे साठ हजारांवर आहेत, आणि त्याचे नाव ठाऊक नसेल तर पुढचे सगळे दरवाजे बंद. त्यातून १९२२ च्या यादवीत डब्लिनचे सरकारी दप्तरखाने जळाले आणि कित्येक शतकांचे कागद राख झाले. पूर्ण अशा जुन्या शिरगणत्या उरल्या त्या १९०१ आणि १९११ च्याच. म्हणून तिकडचे लोक जमिनीच्या आकारणीचे १८४७ ते १८६४ या काळातील तक्ते धुंडाळतात : शेत कोणाचे, कसणारा कोण, सारा किती. २०२२ मध्ये त्यांनी जळलेल्या दप्तराच्या जगभर विखुरलेल्या नकला गोळा करून संगणकावर खुल्या केल्या.

आपल्याकडे तसा एकच मोठा दप्तरखाना जळाला नाही. आपले कागद मुळात एका जागी नव्हतेच. शिरगणतीतील नावनिशीवार तक्ते आपल्याला पाहावयास मिळत नाहीत. आपली नावे ठेवली ती पटवाऱ्याने, कोटवाराने आणि तीर्थोपाध्यायाने. गॅझेटियरांचा उपयोग मर्यादित. निमाडचे गॅझेटियर १९०८ साली रसेलसाहेबांनी सिद्ध केले, त्यात कोणत्या जाती कुठून आल्या याची पुष्कळ माहिती आहे. याच रसेलने मध्यप्रांतातील जातीजमातींवर रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने चार खंड लिहिले. ते १९१६ साली प्रसिद्ध झाले, पण त्याआधीच १९१५ च्या डिसेंबरात पाणबुडीच्या हल्ल्यात बुडालेल्या बोटीवर तो मरण पावला होता. विद्वान माणूस, परंतु जात कुठून आली हे सांगणारा ग्रंथ एक बाई आणि दोन मुले कुठून आली हे सांगू शकत नाही.

तेव्हा आम्ही नाशिकला गेलो. मी आणि चुलतबंधू. रामकुंडाजवळ उपाध्यायांच्या वाड्यात लाल कापडात बांधलेल्या वह्यांचे गठ्ठे फळ्यांवर रचलेले. गुरुजींनी पहिला प्रश्न तोच केला : "मूळ गाव?" आम्ही धूलकोट म्हणालो. त्यांनी मान हलविली. हल्लीचे गाव नको, मूळ हवे. आडनाव सांगितले तर त्या आडनावाची पन्नास गावे. चुलतबंधू उठू लागले. तेव्हा मी, केवळ आलो आहोत म्हणून, आत्याबाईंनी सांगितलेले माहेरचे गाव आणि खापरपणजीच्या भावाचे नाव पुढे केले.

गुरुजी एकदम सावरून बसले. "मग आधी असं का नाही सांगितलंत?" तीर्थश्राद्धात केवळ बापआज्यांनाच पिंड देत नाहीत, आईकडचे, मामा, आत्या, मावशी, बहीण, सगळ्यांची नावे घ्यावी लागतात, आणि नावे घ्यावयाची म्हणून ती लिहूनही ठेवलेली असतात. त्या गावची वही निघाली. मोडीतल्या बारीक ओळींवरून बोट फिरवीत गुरुजी वाचू लागले आणि तिच्या भावाच्या नोंदीत, आठ-दहा नावांनंतर, बहीण म्हणून तिचे नाव आले आणि पुढे दिलेल्या गावाचे नाव : तालुके सावदे. आजचा रावेर तालुका तेव्हा सावद्यात मोडत असे.

त्या गावची वही काढली. दुपार झाली होती. शके १८१६, म्हणजे इसवी सन १८९४-९५, पौष महिना. पणजोबांचे नाव, बापाचे, आज्याचे, पणज्याचे नाव, एक धाकटा भाऊ, "हल्ली वस्ती धूलकोट, परगणे बऱ्हाणपूर". आणि खाली, "समागमे मातोश्री" असे लिहून तिचे नाव. सह्यांच्या जागी दोन चित्रे. एक नांगर, चार रेघांत काढलेला. त्याखाली एक वाटोळे : निशाणी बांगडी.

कुणबी माणूस अक्षरशून्य असला तर नांगर काढी, बाई असली तर बांगडी. शिरस्ताच तो. पण जिच्या हातात तेव्हा वीस-एकवीस वर्षे बांगडी नव्हती तिने ते वाटोळे काढले होते, किंवा उपाध्यायाने तिच्या वतीने. शाई एका जागी जाड झालेली आहे. चुलतबंधूंनी चष्मा पुसला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. नावे मी इथे मुद्दाम देत नाही. घरातील वडिलांची तशी इच्छा आहे आणि मूळ गावी भाऊबंद अजून नांदत आहेत.

या वह्यांचे मोल परक्यांना आपल्याआधी कळले, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील यूटा राज्यातील वंशावळी जमविणाऱ्या एका संस्थेने सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे घेण्यास आरंभ केला. आपल्याकडे अलीकडे, २०२३ पासून, कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा महाराष्ट्रातील जुन्या दप्तरांवरची धूळ झटकली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. आम्हां मध्यप्रदेशवासीयांना त्या दाखल्यांचा काही उपयोग नाही. पण कारण कोणतेही असो, दप्तर उघडले गेले हे बरे झाले.

पुढचा शोध खंडव्याच्या दप्तरात. बऱ्हाणपूर जिल्हा २००३ साली वेगळा झाला. जुने कागद खंडव्यास. बऱ्हाणपूर १८६० मध्ये शिंद्यांकडून इंग्रजांकडे आले, १८६४ मध्ये निमाड मध्यप्रांतात गेला, आणि कॅप्टन फोर्सिथने पहिला बंदोबस्त केला. लढाया, लुटालूट आणि दुष्काळ यांनी निमाडात मैलोगणती जमीन पडीक पडलेली होती. ती कसण्यास माणूस हवा होता, मग तो कोणी का असेना. खानदेशात नेमके उलट. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, शेतकऱ्यांनी त्या भरवशावर कर्जे काढली, आणि युद्ध संपताच भाव कोसळले. जमिनी सावकाराकडे गेल्या. भुसावळहून खंडव्याकडे आगगाडी नुकतीच सुरू झालेली. तिचे तिकीट ज्यांना परवडत नव्हते ते रुळांच्या कडेकडेने चालत निघाले असतील.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या बंदोबस्ताच्या मिसलीत धूलकोटच्या कास्तकारांची यादी आहे. आमचा तुकडा सापडला. कास्तकाराच्या रकान्यात पणजोबांचे नाव असेल अशी माझी अपेक्षा. ते तेव्हा तिशीत होते. तिथे लिहिले आहे "बेवा", आणि पुढे नवऱ्याचे नाव. तिचे स्वतःचे नाव नाही. म्हणजे जमीन तिच्या नावाने होती. सरकारने तिला नाव तेवढे दिले नाही. नाशिकच्या वहीत नाव आहे, जमिनीचा उल्लेख नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर एक बाई पुरी होते.

रावेरजवळच्या त्या मूळ गावी आम्ही दिवाळीनंतर गेलो. भाऊबंदांनी चांगले स्वागत केले. शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरी झाल्या. त्यांच्याकडेही एक गोष्ट होती : आमच्या एका सुनेने सावकाराच्या तगाद्याला भिऊन रात्री गाव सोडले. आत्याबाईंची गोष्ट वेगळी होती : दिरांनी मुलांचा वाटा नाकारला म्हणून ती निघाली. विधवेला नवऱ्याच्या वाट्यावर कायद्याने हक्क मिळाला तो १९३७ साली. त्यापूर्वी तिच्या वाट्याला पोटगी आणि दिरांची मर्जी. मुलांचा हक्क होता, पण सहा-सात वर्षांच्या मुलाचा हक्क सांगणार कोण? मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. कर्ज होते म्हणूनच वाट्याची ओढाताण झाली असणार. भाऊबंदांसमोर मी हे बोललो नाही. दीडशे वर्षांनी जेवावयास बोलावलेल्या घरी कोर्ट भरवू नये.

खरी ओढाताण झाली ती आमच्याच घरी, वंशावळ छापताना. एका चुलतबंधूंचे म्हणणे, वंशावळीच्या मुळाशी पुरुषच हवा. खापरपणजोबांचे नाव वर घालावे. मी म्हटले, ज्यांनी धूलकोट पाहिलेच नाही त्यांना धूलकोटच्या घराण्याचे मूळ कसे म्हणावे? शिवाय लेकीबाळींचे काय? आत्याबाईंनी जर माहेरचे गाव सांगितले नसते तर आम्ही रामकुंडावरून हात हलवीत परतलो असतो, आणि त्यांचेच नाव वंशावळीत नाही, हे मला पटेना. दोन बैठका झाल्या, आवाज चढले. नाशिकला बरोबर आलेले थोरले बंधू शेवटी माझ्या बाजूने उभे राहिले आणि वर दोन्ही नावे, नवरा-बायकोची, शेजारी छापली गेली. खाली मुलगे आणि मुली, दोहोंच्या चौकटी. एका घराने वर्गणी परत घेतली. ते त्यांचे मत.

त्याच वर्षी श्रावणात कानबाई बसली. खानदेशची ही देवी आम्ही निमाडात आणली, किंवा तिने आम्हांला खानदेशी राखले, कसेही म्हणा. तिचे रोट होतात. धान्य मोजले जाते ते आमच्या घरी पुरुषांच्या संख्येवर, दर पुरुषामागे सव्वा मूठ, आणि रोट खावयाचा तो भाऊबंदांनीच. सासरी दिलेल्या लेकीला तो चालत नाही. रोट कोणाकोणाला चालतो एवढे विचारले की खानदेशात भावकी कळते, कागद पाहावे लागत नाहीत. आत्याबाई साठांहून अधिक वर्षे याच घरात होत्या, मोजणीच्या वेळी एकेका पुरुषाचे नाव त्याच घेत असत, कारण पुरुषांना स्वतःला आठवत नसत. रोट मात्र त्यांनी कधी खाल्ला नाही.

त्या दिवशी धाकट्या सुनेने ताटलीत रोटाचा तुकडा घालून त्यांच्यापुढे ठेवला. म्हणाली, "आत्याबाई, आता तुम्ही वंशावळीत आलात." सारे घर पाहत होते. त्यांनी ताटलीला हात लावून नमस्कार केला आणि ती बाजूला सारली. "कागदावर घेतलंत, चांगलं केलंत. पण हा रोट तिचा आहे. माझं सासर वेगळं, माझे रोट तिकडे." सून हिरमुसली. मीही थोडा हिरमुसलो, हे कबूल करावयास हरकत नाही. नंतर त्यांनी मला जवळ बोलावून छापलेला कागद मागितला, एका डोळ्याला अगदी जवळ धरला आणि विचारले, "ती कुठं आहे?" मी त्यांचे बोट वरच्या चौकटीवर ठेवले. त्यांना वाचता येत नव्हते. बोट तिथे बराच वेळ होते.

आत्याबाई २०२२ च्या मार्गशीर्षात गेल्या. ओव्यांपैकी तीस-पस्तीस मी लिहून घेतल्या आहेत. चालीसकट ध्वनिमुद्रित झाल्या त्या जेमतेम नऊ.

वंशावळीतील एक फांदी अजून रिकामी आहे. खापरपणजीच्या कडेवरून आलेला तो धाकटा मुलगा. नाशिकच्या नोंदीत त्याच्या नावापुढे "भुसावळी आगगाडीकडे चाकरीस" असे लिहिले आहे, आणि त्यानंतर त्याचा कुठेच पत्ता नाही. भुसावळहून रेल्वेची माणसे खंडवा, इटारसी, नागपूर, जबलपूरपर्यंत बदल्यांवर जात. त्याची नातवंडे-पतवंडे या मासिकाच्या वाचकांतच असतील, असे मला उगाच वाटत राहते. ज्यांच्या घरी कानबाईचे रोट होतात, ज्यांचे पूर्वज १८९० च्या सुमारास भुसावळला रेल्वेत होते, आणि ज्यांच्या घरात धूलकोटचे नाव, अर्थ न कळता का होईना, कोणा म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी ऐकू येत असे, त्यांनी कृपया संपादकांच्या पत्त्यावर चार ओळी लिहाव्या. पुरुषांना आठवत नसेल तर घरातील आजीबाईंना विचारावे.